‘मामा, किचनमध्ये कोण पासआउट होतं?’

लातूरला बहिणीकडं गेलो होतो. भाची नर्सिंग झालेली, आता परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. कानात इअरफोन, मांडीवर वही, आणि मधेच एकटीच हसायला लागली. म्हटलं, काय गं? तर म्हणाली, ‘मामा, हे ऐका. पेशंटची बायको डॉक्टरला सांगायली, ही पासड आउट इन द किचन. आता किचनमध्ये कोण पासआउट होतं?’

तिच्या लेखी पासआउट होणं म्हणजे डिग्री घेऊन कॉलेजातून बाहेर पडणं. आपल्याकडं बायोडेटात, लग्नाच्या बायोडेटातसुद्धा, हाच अर्थ चालतो. पण ती बाई सांगत होती की नवरा स्वयंपाकघरात बेशुद्ध पडला. वही-पेनावर ही गंमत आहे. वॉर्डात रात्रीच्या ड्यूटीला असं ऐकून नर्स गालातल्या गालात हसली, तर भलतंच व्हायचं.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायची का, यावरून राज्यात मोठं रान उठलं होतं. शेवटी २९ जूनला सरकारनं त्याबद्दलचे शासन निर्णय मागं घेतले. त्या सगळ्या गदारोळात दुसऱ्या भाषेचं, म्हणजे इंग्रजीचं, काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. माझ्या पिढीनं एबीसीडी पाचवीत गिरवली. म्हणजे आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकूनही पोरं अडखळतात ती त्याच दोन जागांवर, जिथं आम्ही अडखळायचो: शब्दांचा क्रम, आणि क्रियापदामागं लटकणारे ते अप, ऑफ, आउट, ऑन. शाळेत आम्हाला ‘डू ॲज डायरेक्टेड’ खाली वाक्यं उलटीपालटी करायला लावायचे. ती का उलटायची, हे मात्र कधी कुणी सांगितलं नाही. मला वाटतं, या दोन्ही गाठी मराठीच्या अंगानं गेलं तर बऱ्याच सैल होतात. कशा, ते बघू.

नाव घातलेलं पोतं आणि बिननावाचा ढीग

क्रमापासून सुरू करू. ‘बैलानं गड्याला ढकललं.’ हेच ‘गड्याला बैलानं ढकललं’ असं म्हणा, नाहीतर ‘ढकललं ना बैलानं गड्याला!’ असं म्हणा. आपटला गडीच. कारण ‘नं’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्या-त्या शब्दाला चिकटलेले आहेत. शाळेत ज्याला विभक्ती म्हणत आणि जिचे तक्ते पाठ करून आपण कंटाळलो, ती हीच. ढकलणारा कोण आणि आपटणारा कोण, हे ती सांगते. शब्द कुठं बसलाय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता इंग्रजीत बघा. ‘द बुल पुश्ड द मॅन.’ यातले बुल आणि मॅन नुसते जागा बदलून ठेवा: ‘द मॅन पुश्ड द बुल.’ शब्द तेच, एक अक्षर बदललं नाही, आणि आता आपटला बैल.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव घातलेलं असलं, की हमालानं ते कुठंही रचलं तरी मालक चुकत नाही. पण आडतीपुढं सोयाबीनचे मोकळे ढीग घातलेले असतील, तर कोणता ढीग कुणाचा हे केवळ जागेवरून ठरतं. पहिला ढीग अमक्याचा, त्याच्या शेजारचा तमक्याचा. तिथं कुणी जागा बदलली तर पैसे दुसऱ्याच्या पट्टीवर जातील. मराठीतले शब्द नाव घातलेल्या पोत्यासारखे आहेत, इंग्रजीतले ढिगासारखे. तिथं क्रियापदाच्या आधीची जागा करणाऱ्याची आणि नंतरची जागा ज्याच्यावर ते झालं त्याची.

पूर्वी इंग्रजीतही पोत्यांवर नावं होती. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधीच्या इंग्रजीला आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि त्यांचं काम क्रमावर येऊन पडलं. ‘ही’ आणि ‘हिम’, ‘हू’ आणि ‘हूम’ ही त्या जुन्या नावांतली शिल्लक राहिलेली काही.

तीन भाषा बोलणारा माणूस इंग्रजीतच का अडतो?

इथं आपल्या भागातला वाचक एक रास्त शंका काढेल. देगलूर-उदगीरकडची म्हातारी माणसं शाळेचं तोंड न बघता मराठी, कन्नड, तेलुगू आणि बाजारात दखनी बोलतात. ज्यांना तीन-चार भाषा सहज येतात त्यांच्या नातवाला एकट्या इंग्रजीनं का घाम फुटावा? बुद्धी कमी झाली का?

बुद्धीचा प्रश्नच नाही. मराठी, हिंदी, दखनी, कन्नड, तेलुगू यांची कुळं वेगळी असतील, शब्द वेगळे असतील, पण वाक्याची घडण एकच: आधी करणारा, मग ज्याच्यावर केलं ते, आणि शेवटी क्रियापद. नामाला जोडायचे शब्दही सगळ्यांत नामाच्या मागून येतात. आपण ‘घरात’ म्हणतो, तेलुगूत ‘इंट्लो’, कन्नडमध्ये ‘मनेयल्लि’. ‘घर’ आधी, ‘आत’ नंतर. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये जगभरातल्या भाषा ताडून दाखवलं, की ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं त्यांत हे जोडशब्द बहुधा नामामागंच येतात. त्या दोन गोष्टी जोडीनं फिरतात. म्हणजे देगलूरच्या आजीला भाषा बदलताना शब्द बदलावे लागले, घराचा नकाशा कधी बदलावा लागला नाही. इंग्रजीत नकाशाच उलटा आहे: ‘इन द हाउस’. आधी ‘आत’, मग ‘घर’.

हा उलटेपणा लांब वाक्यात चांगला दिसतो. ‘औशातल्या किल्ल्याजवळच्या हॉटेलात काल भेटलेल्या माणसाचा फोन आला.’ आता हे मागून पुढं वाचत चला. फोन, माणसाचा, भेटलेल्या, काल, हॉटेलात, किल्ल्याजवळ, औशात. आणि इंग्रजी वाक्य: ‘आय गॉट अ कॉल फ्रॉम द मॅन आय मेट यस्टरडे ॲट द हॉटेल नियर द फोर्ट इन औसा.’ सुरुवातीचं ‘आय गॉट’ सोडलं तर तीच माळ शेवटच्या मण्याकडून ओढलेली आहे. ट्रॉलीत जे पोतं शेवटी चढवलं तेच उतरवताना आधी हाताला येतं, तसं.

त्यामुळं लांब मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचं असलं तर डावीकडून सुरुवात करू नये. आपली पोरं ‘औशातल्या’ पासून ‘इन औसा, नियर फोर्ट, देअर हॉटेल…’ असं सुरू करतात आणि चौथ्या शब्दाला गाडी रुतते. पहिल्यांदा ‘कुणी काय केलं’ एवढंच सांगून टाकायचं. बाकीचं मागून ओढत आणायचं. ठिकाण आणि वेळ दोन्ही सांगायचं असेल तर साधारणपणे ठिकाण आधी, वेळ नंतर: ‘आय वेंट टू जालना यस्टरडे.’ आपण ‘काल जालन्याला गेलो’ म्हणतो. इथंही आरसाच.

जोर देण्याचंही तसंच. मराठीत ‘जालन्याला मी गेलो होतो’ असं म्हटलं, की ‘दुसरा कुणी नाही, मीच’ हे कळतं. जागा हलवली, वर ‘च’ लावला, झालं. इंग्रजीत जागा हलवायची सोय नाही म्हणून ते लोक आवाजानं जोर देतात. त्यांचं बोलणं वरखाली हेलकावे खातं त्याचं हे एक कारण. आपण ते सपाट बोललो तर व्याकरण बरोबर असूनही मुद्दा ऐकणाऱ्यापर्यंत जात नाही.

प्रश्नातली पलटी

प्रश्नांबद्दल थोडक्यात. ‘तू कुठं जायलास?’ यात ‘कुठं’ आपल्या जागी शांत बसलेलं आहे. इंग्रजीत ते उठून पुढं येतं आणि ‘आर’ कर्त्याच्या आधी उडी मारतं: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ एवढं बहुतेकांना जमतं. चूक होते पुढच्या पायरीवर. ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ असं म्हटलं जातं, आणि ते चूक आहे. ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’ हवं. उडी ही प्रश्नाची खूण आहे. ‘टेल मी’ म्हटल्यावर विचारण्याचं काम तिथंच झालं, मग पुन्हा उडी कशाला? एका दाराची कडी दोनदा काढत नाहीत.

‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणजे काय?

आता दुसरी गाठ. साधं क्रियापद आणि त्यामागं एक किंवा दोन चिमुकले शब्द मिळून नवाच अर्थ तयार झाला, की त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. मी तिला इथून पुढं जोडक्रियापद म्हणेन. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे मुकाट्यानं सोसणे. यात ‘ठेवणे’ कुठं उरलं?

ही डोकेदुखी जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ मध्ये इंग्रजीचा आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं, की क्रियापदाला असे शब्द जोडून अर्थ बदलण्याची जी रीत आहे ती परक्या माणसाला सगळ्यांत जड जाते. पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्या भाषेचा कोशकारच हे कबूल करतो म्हटल्यावर आपण लाजायचं काही कारण नाही.

बोलून टाकलं, बोलून गेला, बोलून बसला

पण हे आपल्याला नवीन आहे, असं मात्र म्हणू नका. एक ‘बोलणे’ घ्या. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मनातलं ओझं उतरवलं, मोकळा झाला. ‘बोलून गेला’ म्हणजे तोंडातून निसटलं. ‘बोलून बसला’ म्हणजे नको ते बोलला आणि आता निस्तरत बसलाय. ‘बोलून घेतलं’ म्हणजे समोरच्याशी बोलून आपलं काम मार्गी लावलं. ‘बोलून दाखवलं’ म्हणजे पोटातली खदखद मुद्दाम ऐकवली. सोयरिकीच्या बैठकीत यातला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर घरं तुटतात.

आता मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाच्या जागी स्वतःला बसवा. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे हे त्यानं पाठ केलंय. बोलून काय फेकलं, हे तो शोधतोय. ‘बोलून बसला’ ऐकून तो विचारेल, कुठं बसला, खुर्चीवर का? आपण त्याला हसू. तो बिचारा तेच करतोय जे आपण ‘पुट अप विथ’ ऐकल्यावर करतो: तुकडे वेगळे करून प्रत्येकाचा अर्थ लावायचा.

दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली आहे. मुख्य क्रियापद काय घडलं ते सांगतं, आणि शेपटीचा शब्द ते कसं घडलं ते सांगतो: पुरतं झालं का अर्धवट, निसटलं का मुद्दाम केलं. आपली शेपटी ही दुसरी क्रियापदं आहेत, टाक, घे, जा, बस, काढ. त्यांची शेपटी म्हणजे दिशा दाखवणारे शब्द.

अप, ऑफ, आउट यांना काही तर्क आहे का?

पुष्कळसा आहे, पूर्ण नाही. आधी तर्क असलेला भाग.

‘अप’ म्हणजे वर हे आपण शिकतो, पण ‘ईट अप’ मध्ये वर काय जातं? काहीच नाही. तिथं ‘अप’ म्हणजे आपलं ‘टाक’. ईट अप, खाऊन टाक. ड्रिंक अप, पिऊन टाक. टेअर अप, फाडून टाक. यूज अप, वापरून टाक. भांड्यात पाणी ओतत गेलं की ते वर-वर चढतं आणि काठाशी आलं की काम संपतं. वर जाणं आणि पुरं होणं यांचं नातं तिथं दिसतं. मी भाचीला एवढंच सांगितलं, की ‘अप’ भेटला आणि वर जाण्याचा संबंध लागेना, तर ‘टाक’ लावून बघ. तासाभरात तिनं सात-आठ जोड्या स्वतःच सोडवल्या.

‘ऑफ’ म्हणजे सुटणं, अलग होणं. बूट पायापासून सुटले, टेक ऑफ. विमानाची चाकं जमिनीपासून सुटली, तेही टेक ऑफ. फांदी तोडली, कट ऑफ. विजेचा संबंध तुटला, स्विच ऑफ. आणि काम आजपासून सोडवून उद्याकडं सरकवलं, पुट ऑफ. ‘ऑन’ नेमका उलटा: लागलेलं, चिकटलेलं, चालू असलेलं. पुट ऑन, स्विच ऑन, आणि ‘चालू दे, थांबू नको’ अशा अर्थानं गो ऑन, कॅरी ऑन.

‘आउट’ ची गाठ आपल्या ‘काढ’ शी आहे. फाइंड आउट, शोधून काढणे. पिक आउट, निवडून काढणे. जे आत दडलं होतं ते बाहेर आलं. आणि आतलं सगळं बाहेर आलं की उरलं काय? काहीच नाही. म्हणून ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. टाकीतलं पाणी संपलं: ‘वी रॅन आउट ऑफ वॉटर.’ आपल्या भागात एप्रिल-मे मध्ये हे वाक्य रोज म्हणता येईल. तेवढाच सराव.

आता तर्क नसलेला भाग. घर जळलं तर इंग्रज ‘बर्न डाउन’ म्हणतो, कागद जळून गेला तर ‘बर्न अप’. एक खाली, एक वर. फॉर्म ‘फिल इन’ केला काय आणि ‘फिल आउट’ केला काय, फॉर्म भरला एवढंच. ‘पुट अप विथ’ चं तर विचारूच नका. हे सगळं ‘हातावर तुरी देणे’ सारखं अख्खं गिळायचं. तुरीचा आणि पळून जाण्याचा संबंध काय, असं विचारत बसलो असतो तर मराठीही आली नसती.

‘पुट इट ऑन’ का, ‘पुट ऑन इट’ का नाही?

क्रमाची आणि जोडक्रियापदाची गाठ इथं एकत्र येते. ‘पुट ऑन युअर शूज’ बरोबर, ‘पुट युअर शूज ऑन’ हेही बरोबर. पण शूजऐवजी ‘देम’ आलं की फक्त ‘पुट देम ऑन’. ‘पुट ऑन देम’ चालत नाही.

गाइडात हा नियम म्हणून दिलेला असतो. कारण असं: इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनदार, नव्या माहितीची असते. ‘इट’, ‘देम’ हे हलके शब्द, कशाबद्दल चाललंय ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं. एसटीतल्या दोनच्या सीटवर नवरा-बायको बसलेत. तीन वर्षांचं लेकरू असेल तर दोघांच्या मधे मावतं, आणि बसतंही तिथंच. पण सोबत ज्वारीचं पोतं असेल तर ते मधे कसं बसेल? ते मागं जाणार. ‘इट’ म्हणजे ते लेकरू. ‘लातूरला काल घेतलेले बूट’ एवढं लांब कर्म म्हणजे पोतं: ‘पुट ऑन द शूज यू बॉट यस्टरडे इन लातूर.’ आणि नुसते ‘युअर शूज’ म्हणजे आठवी-नववीतलं पोरगं, दाटीवाटीनं मधेही बसेल नाहीतर मागंही जाईल.

मग ‘लुक आफ्टर देम’ कसं चालतं? ‘लुक देम आफ्टर’ का नाही? कारण तिथला ‘आफ्टर’ क्रियापदाचा नवरा नाहीच. तो पुढच्या नामाचा हात धरून आलेला आहे, आपल्या ‘कडे’, ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययांसारखा. ‘त्यांच्याकडे लक्ष दे’ मधला ‘कडे’ जसा ‘त्यांच्या’ पासून सोडवता येत नाही, तसा तो. फरक ओळखायला एक मजेशीर जोडी आहे. ‘ही रॅन अप अ हिल’, तो टेकडी चढून पळाला. ‘ही रॅन अप अ बिल’, त्यानं दुकानात उधारी वाढवली. दिसायला दोन्ही सारखी. पण ‘ही रॅन अ बिल अप’ म्हणता येतं, ‘ही रॅन अ हिल अप’ म्हणता येत नाही. टेकडीच्या वाक्यात ‘अप’ टेकडीचा आहे, उधारीच्या वाक्यात तो ‘रॅन’ चा.

पण ‘पोस्टपोन’ येत असताना ‘पुट ऑफ’ कशाला?

हा आक्षेप खरा आहे. आपण ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘पोस्टपोन’ असले भारी शब्द बिनचूक वापरतो आणि साधे सोडून देतो. कारण आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, ओट्यावरून नाही. नॉर्मन लोकांमुळं आधी फ्रेंच आणि पुढं विद्वानांमुळं लॅटिन शब्दांचा इंग्रजीत लोंढा आला. ते झाले दरबारी, कचेरीतले शब्द. घरात, शेतात मात्र जुने आखूड शब्द आणि त्यांच्या जोड्याच राहिल्या. मराठीतले तत्सम आणि देशी शब्द आठवा. ‘चहा प्राशन केला का?’ असं कुणी विचारतं का? आपल्याकडं प्राशन फक्त विषाचं होतं, तेही पेपरात.

अर्जात, रिपोर्टात ‘पोस्टपोन’ खुशाल लिहावं, तिथं तेच शोभतं. बोलतानाही एक वेळ चालून जाईल. पण ऐकताना निवड आपल्या हातात नसते. उलटी झालेला गोरा पेशंट ‘आय व्हॉमिटेड’ म्हणेल याची खात्री नाही, तो ‘आय थ्रू अप’ म्हणायची शक्यता फार. शुद्धीवर आलेल्याबद्दल ‘ही केम राउंड’ म्हणतील. बरं, हे सगळं इतकं चिकटवून बोलतात की ‘पिक इट अप’ कानावर ‘पिकिटप’ असं पडतं. शब्द माहीत असून ओळखू येत नाही.

मग आपलं ‘पासआउट’ चूक का?

चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खडकवासल्याला एनडीएत प्रशिक्षण संपलं की पासिंग आउट परेड होतं, ते ब्रिटिश लष्कराच्याच रीतीतून आलेलं आहे. तिथून तो शब्द आपल्या कॉलेजांपर्यंत पोचला तर त्यात अडाणीपणा कसला? ‘प्रीपोन’, म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणे, हा शब्द तर भारतातच रुळला आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. फक्त समोरचा कोण आहे ते बघायचं. हिंजवडीतल्या मुलाखतीत ‘आय पासड आउट इन २०२३’ कुणाला खटकणार नाही. लंडनच्या मुलाखतीत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तुम्ही जमिनीवर आडवे पडलेले दिसाल. तिथं ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.

‘कोप अप विथ’ ला मात्र माझी सूट नाही. अडचणीला तोंड देणे म्हणायला ‘कोप विथ’ पुरेसं आहे. तो ‘अप’ कुणीतरी ‘पुट अप विथ’ मधून उचलून आणलाय.

सराव कसा करायचा

भाचीच्या वहीत मला पहिल्याच पानावर दुखणं सापडलं. कुठल्याशा पुस्तकातून तिनं ‘पुट’ च्या चौदा जोड्या एकाखाली एक उतरवल्या होत्या, समोर मराठी अर्थ. असं पाठ केलं की सगळी ‘पुट’ एकमेकांत मिसळतात. एकसारख्या कपड्यांतली चौदा पोरं एका रांगेत उभी केली, तर नावं कशी लक्षात राहतील?

ते पान आम्ही बाजूला ठेवलं आणि प्रसंगांची पानं केली. एक पान सकाळचं: वेक अप, गेट अप, पुट ऑन. एक वॉर्डाचं: थ्रो अप, पास आउट, कम राउंड, आणि वारल्याबद्दल पास अवे. पास आउट आणि पास अवे यांत गल्लत केली तर काय होईल ते तिचं तिलाच कळलं, मला सांगावं लागलं नाही. एक पान एसटीचं, गेट ऑन, गेट ऑफ, ब्रेक डाउन. अर्थ लिहायचा नाही, अख्खं वाक्य लिहायचं, आणि ते आपल्याच आयुष्यातलं हवं. ‘द बस ब्रोक डाउन नियर मुरुड’ हे ती विसरणार नाही, कारण तिथं ती दोन तास उन्हात उभी होती.

दुसरं, मराठीत आधीच घुसलेल्या जोड्या फोडायच्या. चेकअप, मेकअप, बॅकअप, लॉकडाउन, ब्रेकडाउन, मोंढ्यात भाजी आणणारा पिकअप. ही सगळी जोडक्रियापदांची नामं आहेत, आपण ती एक शब्द म्हणून वापरतो. ‘पिकअप’ मधून ‘पिक अप’ काढायचं आणि मधे ‘इट’ घालून बघायचं. उच्चारात एक फरक राहतो: नाम असताना जोर ‘पिक’ वर, क्रियापद असताना तो ‘अप’ कडं सरकतो. ‘पिक इट अप’ मध्ये तो छोटा शब्दच ठणकावून म्हणायचा.

क्रमासाठी मी तिला एकच खेळ दिला. स्वयंपाक करताना जे हातून होतंय ते तोंडानं इंग्रजीत म्हणत जायचं, आणि प्रत्येक वाक्य ‘कुणी, काय केलं’ इथंच सुरू करायचं. ‘आय ॲम कटिंग अनियन्स.’ मग मागून एकेक डबा जोडायचा, कशासाठी, कुठं, केव्हा. चूक झाली तर थांबायचं नाही. पहिल्या दिवशी भाजी करपली, हे कबूल केलं पाहिजे.

आणि पान एकदाच घोकून मिटायचं नाही. हर्मन एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. म्हणून आज केलेलं पान उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं. रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

परवा पुन्हा गेलो होतो. रात्री जेवायला बसलो आणि नेहमीप्रमाणं लाइट गेली. अंधारात भाचीचा आवाज आला, ‘द लाइट्स हॅव गॉन आउट!’ म्हटलं, शाब्बास. कोपऱ्यातून आजीनं विचारलं, ‘आता गं कोण आउट झालं?’